समासातलं प्रश्नचिन्ह

माझ्या हातून झालेली पहिली मोठी चूक एका भागाकाराची होती.

पुण्यात एका छोट्या सिग्नल प्रोसेसरसाठी कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या सूचनांत उतरवणारा प्रोग्रॅम, लिहिणाऱ्या टीममध्ये मी नवी होते. काम मिळालं ते ऐकायला सोपं होतं. लूपच्या, म्हणजे प्रोग्रॅममधल्या पुन्हापुन्हा फिरणाऱ्या भागाच्या, आत दर फेरीला तीच ती आकडेमोड होत असेल, तिच्यातले आकडे फेरीगणिक बदलत नसतील, तर ती लूपच्या आधी एकदाच करून ठेवायची. पोळ्या लाटताना दर पोळीला पीठ मळायला कोण बसतं? मी तो पास, म्हणजे प्रोग्रॅमवरून फिरून अशी एक सुधारणा करणारा टप्पा, लिहिला, चाचण्या हिरव्या झाल्या, वेळ कमी झालेला डोळ्यांना दिसला. मला फार आनंद झाला होता.

काही आठवड्यांनी एक उपकरण सुरू होताक्षणी बंद पडू लागलं. त्याच्या प्रोग्रॅममध्ये एक साधा लूप होता: एन नमुने आहेत, प्रत्येकाला 'एकूण भागिले एन' या संख्येने गुणायचं. भागाकार दर फेरीला तोच, म्हणून माझ्या पासने तो उचलून लूपच्या वर ठेवला. उपकरण नुकतंच सुरू झालेलं असताना मात्र एकही नमुना आलेला नसायचा. एन शून्य. मूळ प्रोग्रॅममध्ये अशा वेळी लूपची एकही फेरी व्हायची नाही, त्यामुळे भागाकारही व्हायचा नाही. माझ्या प्रोग्रॅममध्ये तो व्हायचाच. शून्याने भागलं की प्रोसेसर तिथल्या तिथे थांबायचा.

आमच्या टीम लीडने कोड वाचला आणि एकच प्रश्न विचारला. "लूप फिरलाच नाही तर?"

त्या रात्री जेवताना मी हे बाबांना सांगितलं. बाबा मुद्रितशोधक होते, सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात आयुष्यभर. कंपायलर म्हणजे काय हे त्यांना मी तेव्हा पहिल्यांदाच समजावून सांगत होते. त्यांनी घास तसाच हातात ठेवून विचारलं, "मग लेखकाला विचारलं होतंस का?"

मला तो प्रश्न कळायला बराच काळ जावा लागला.

लहानपणी मी बाबांबरोबर छापखान्यात जायची. अक्षरांच्या खिळ्यांची खोकी, शाईचा वास, आणि लांबच लांब पट्ट्यांवर काढलेली गॅली प्रूफं. लेखकाचं हस्तलिखित बाजूला असायचं, पुस्तक अजून व्हायचं असायचं, आणि मधे ही गॅली. तिला पानांचे आकडे नाहीत, चित्रं नाहीत, वाचकापर्यंत ती कधीच जाणार नाही. पण पुस्तकाचं सगळं बरंवाईट तिच्यावरच ठरायचं. बाबा पहिल्या वाचनात हस्तलिखिताशी ताडून पाहायचे. दुसऱ्यात फक्त ऱ्हस्व-दीर्घ. शेवटच्या वाचनात ते मजकूर उलटा वाचायचे, शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे, कारण सुलट वाचताना अर्थ डोळ्यांना पुढे ओढतो आणि चुकलेली वेलांटी सुटून जाते.

कंपायलरच्या पोटातही अशीच एक गॅली असते. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम एका बाजूला, प्रोसेसरला कळणाऱ्या सूचना दुसऱ्या बाजूला, आणि मधे एक तिसरीच भाषा. मध्यवर्ती रूप म्हणू या तिला. ती कोणी बसून लिहीत नाही आणि कोणतंही यंत्र ती थेट चालवत नाही. तिच्यात लांबलचक सूत्रांचे तुकडे केलेले असतात, एका ओळीत एकच क्रिया. 'जर', 'नाहीतर', 'तोवर' हे सगळे शब्द जाऊन फक्त ठोकळे आणि एका ठोकळ्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या वाटा उरतात. या रूपावर एकामागून एक पास चालतात. एक पास स्थिर संख्यांची गणितं आधीच करून टाकतो, एक कधीच न वापरलेली मूल्यं काढून टाकतो, एक छोटी फंक्शनं, म्हणजे नाव देऊन वेगळे ठेवलेले प्रोग्रॅमचे तुकडे, बोलावणाऱ्याच्या जागी उलगडून ठेवतो. महाग क्रियेच्या जागी स्वस्त क्रिया बसवणाराही एक असतो. ३२ बिटांच्या संख्येला १० ने भागायचं असेल, तर कंपायलर सहसा भागत नाही. तो ३४३५९७३८३७ ने गुणतो आणि उत्तर ३५ बिट उजवीकडे सरकवतो. ३२ बिटांत मावणाऱ्या प्रत्येक धन संख्येसाठी हे अचूक येतं, आणि तसं ते येतंच हे आधी सिद्ध केलेलं आहे म्हणूनच ते करायची परवानगी आहे.

या परवानगीबद्दलच मला बोलायचं आहे.

ही कल्पना जुनी आहे. जॉन बॅकस यांच्या आयबीएममधल्या टीमने १९५४ साली फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेचं काम हाती घेतलं आणि १९५७ च्या एप्रिलमध्ये तो कंपायलर आयबीएम ७०४ या यंत्रासाठी बाहेर दिला. तेव्हा प्रोग्रॅमर यंत्राच्या सूचना हाताने लिहीत. यंत्राचा वेळ माणसाच्या वेळेपेक्षा महाग होता, आणि यंत्राने यंत्रासाठी लिहिलेला कोड हाताच्या कोडच्या जवळपास पोचेल यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. म्हणून त्या टीमने सुरुवातीपासून कोड वेगवान करण्याकडेच लक्ष दिलं. लोइस हेब्ट या तरुणीने लिहिलेला त्यातला भाग प्रोग्रॅममधल्या वाटांचा विचार करायचा: कंपाइल करतानाच प्रोग्रॅमच्या फेऱ्यांची यादृच्छिक नक्कल करून कोणती वाट किती वेळा चालली जाईल याचा अंदाज बांधायचा. ७०४ ला इंडेक्स रजिस्टरं, म्हणजे यंत्राच्या आतल्या लगेच हाताशी येणाऱ्या जागा, होती फक्त तीन. ती कुणाला द्यायची हे त्या अंदाजावर ठरे.

त्याच वर्षी, १९५७ मध्ये, फ्रान्सिस ॲलन आयबीएममध्ये आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पेरू नावाच्या गावी शेतावर वाढलेल्या, गणिताच्या शिक्षिका. शिक्षणाचं कर्ज फेडायचं आणि परत शाळेत जायचं असा त्यांचा बेत होता. पहिलं काम मिळालं ते आयबीएमच्याच शास्त्रज्ञांना फोरट्रान शिकवण्याचं. त्या परत गेल्या नाहीत. ४५ वर्षं तिथेच राहिल्या. प्रोग्रॅमचा आलेख करून त्यातल्या वाटांचं विश्लेषण कसं करायचं याचा पाया त्यांनी घातला, आणि जॉन कॉक यांच्यासोबत रूपांतरांची एक सूची तयार केली, जी वाचताना आजच्या कंपायलरची अनुक्रमणिका वाचल्यासारखं वाटतं. संगणकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान मानलं जाणारं २००६ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. फोरट्रान शिकवता शिकवता त्यांनी त्या कंपायलरचा कोड वाचला आणि तिथून त्यांची वाट बदलली. भाषा शिकवणाऱ्या बाईला प्रोग्रॅमचा अर्थ कुठे सांडतो ते जास्त लवकर दिसलं असेल, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

मध्यवर्ती रूपाला आज जो चेहरा आहे तो १९८० च्या दशकाच्या अखेरीस आयबीएममध्येच घडला. त्याला एसएसए (स्टॅटिक सिंगल असाइनमेंट) म्हणतात. नियम एकच: एका नावाला मूल्य एकदाच द्यायचं. मूळ प्रोग्रॅममध्ये 'क्ष'ला पाच ठिकाणी पाच मूल्यं दिली असतील, तर इथे क्ष१ ते क्ष५ अशी पाच नावं होतात. आमच्या वाड्यात दोन बाळू होते, आणि नुसती "बाळू" अशी हाक ऐकू आली की कोण ओ देणार याची खात्री नसे. थोरला बाळू, धाकटा बाळू म्हटलं की प्रश्न मिटायचा. एसएसएमध्ये कोणतंही नाव दिसलं की त्याचा उगम कुठे हे शोधावं लागत नाही, तो एकच असतो.

अडचण येते ती वाटा एकत्र येतात तिथे. 'जर'च्या वाटेवर क्ष१ आहे, 'नाहीतर'च्या वाटेवर क्ष२. पुढे कोणतं वापरायचं? तिथे फाय नावाचं एक विशेष फंक्शन ठेवतात आणि नवं नाव देतात, क्ष३. पुण्यातल्या संगमाजवळून जाताना मला हे दर वेळी आठवतं. मुळा येते, मुठा येते, आणि पुढे तिचं नाव मुळा-मुठा. फरक एवढाच, की नदीत दोन्ही पाणी मिसळतात आणि फायमध्ये ज्या वाटेने आलात तिचंच मूल्य पुढे जातं.

एलएलव्हीएम हा आजचा सर्वांत ओळखीचा कंपायलर-संच या रूपावरच उभा आहे. ख्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांनी इलिनॉय विद्यापीठात २००० च्या डिसेंबरमध्ये त्याची सुरुवात केली. मी क्लँगमध्ये, म्हणजे त्यावर उभ्या असलेल्या सी भाषेच्या कंपायलरमध्ये, पहिल्यांदा १ ते एनची बेरीज करणारा लूप दिला आणि बाहेर आलेल्या सूचना पाहिल्या, तो क्षण मला अजून आठवतो. लूप तिथे नव्हताच. एक गुणाकार, एक बिट उजवीकडे सरकवणं, थोडी बेरीज-वजाबाकी, संपलं. शाळेत शिकलेलं सूत्र. पण त्या सूत्राचं नाव कंपायलरला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याने एवढंच पाहिलं की एक मूल्य दर फेरीला एकाने वाढतं, दुसरं मूल्य दर फेरीला त्या पहिल्याने वाढतं, आणि अशा पायऱ्यांच्या साखळीचं शेवटचं मूल्य फेऱ्या न करताही काढता येतं. मी खुर्चीतून उठून गॅलरीत गेले आणि थोडा वेळ तशीच उभी राहिले. कुणीतरी, कुठेतरी, सर्व लूपांसाठी हे एकदा समजून घेतलं होतं, आणि आता ते माझ्या चार ओळींनाही मिळालं होतं.

पास कोणत्या क्रमाने चालवायचे, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. छापखान्यात एका ओळीत एक शब्द वाढवला की ओळ सरकायची, शेवटचा शब्द खालच्या ओळीत जायचा, तिथली जुळणी बिघडायची, आणि दुरुस्त केलेल्या परिच्छेदात नव्या चुका जन्मायच्या. म्हणून दुरुस्तीनंतर पुन्हा प्रूफ. इथेही तसंच. फंक्शन उलगडलं की आत एक स्थिर संख्या उघडी पडते, तिच्यामुळे एक 'जर' कायमचा खोटा ठरतो, तो गेला की त्याच्यासाठी काढलेली तीन मूल्यं निरुपयोगी होतात. ती गेली की फंक्शन इतकं लहान होतं की ते आणखी कुठेतरी उलगडता येतं. तेव्हा एलएलव्हीएममध्ये काही पास एकाच वेळच्या कामात कितीतरी वेळा चालवले जातात. काही पास तर स्वतः काहीच वाचवत नाहीत, दुसऱ्यासाठी जागा करून देतात. माझा भागाकार शेवटी तशाच एका पासने वाचवला. लूपचं तोंड फिरवायचं: आधी एकदाच विचारायचं 'एन शून्याहून मोठा आहे का?', असेल तरच आत शिरायचं, आणि पुढची तपासणी फेरीच्या शेवटी करायची. आता त्या प्रश्नाच्या आतल्या बाजूला, पण लूपच्या वर, एक जागा तयार होते जिथे उभं राहून खात्रीने म्हणता येतं की निदान एक फेरी होणारच. भागाकार तिथे ठेवायचा.

ही दुरुस्ती मी केली, पण ती का बरोबर आहे हे मला पवईच्या आयआयटीने शिकवलं.

१९७९ साली एतिएन मोरेल आणि क्लोद रेन्व्हाज या दोघांनी एक सुंदर गोष्ट मांडली होती. एखादी आकडेमोड काही वाटांवर आधीच झालेली असते आणि काही वाटांवर नसते. ज्या वाटांवर नाही तिथे ती घालायची, म्हणजे पुढची सगळीकडूनच काढून टाकता येते. लूपमधून बाहेर काढणं, दोनदा केलेलं एकदा करणं, ही सगळी या एकाच विचाराची रूपं निघाली. या विचारावर पुढे वर्षानुवर्षं काम झालं त्यातलं महत्त्वाचं काम आयआयटी मुंबईत झालं. प्रा. धनंजय धामधेरे यांनी मूळ पद्धत प्रत्यक्षात वापरता येईल अशी केली, आकडेमोड ठोकळ्यात न ठेवता दोन ठोकळ्यांमधल्या वाटेवर ठेवायची कल्पना पुढे नेली, आणि त्यांच्यानंतर प्रा. उदय खेडकर यांनी वाटांवरून वाहणाऱ्या माहितीचा हा सिद्धान्त आणखी व्यापक केला. खेडकर सरांनी जीसीसी या कंपायलरचं पोट उघडून दाखवणाऱ्या कार्यशाळा पवईत घेतल्या. हे सगळं आपल्या एवढ्या जवळ घडलं आणि आपल्याकडे त्याविषयी इतकं कमी लिहिलं गेलं, याची मला खंत आहे.

या सगळ्या कामात एक अट पुन्हापुन्हा येते. मूळ प्रोग्रॅममध्ये ज्या वाटेवर ती आकडेमोड नव्हती, त्या वाटेवर ती नव्याने आणायची नाही. म्हणजे कुठे काही ठेवण्याआधी विचारायचं: इथून पुढे कोणत्याही वाटेने गेलं, तरी ही आकडेमोड होणारच आहे का? उत्तर 'बहुतेक' असेल तर ते 'नाही' धरायचं. आणि हे शोधण्यासाठी प्रोग्रॅम शेवटाकडून सुरुवातीकडे वाचावा लागतो. माहिती प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढवत न्यायची, वाटा फुटतात तिथे दोन्ही बाजूंचं ऐकायचं, दोघीही 'हो' म्हणाल्या तरच 'हो' मानायचं, आणि कुठेच काही बदलेनासं होईपर्यंत फिरत राहायचं. हे पहिल्यांदा कागदावर सोडवताना मला बाबा दिसले, गॅलीच्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवून वर वर येणारे.

बाबांच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांना ते एक गोष्ट सारखी सांगायचे. चूक आहे याची खात्री असेल तर दुरुस्त करा. चूक वाटत असेल तर समासात प्रश्नचिन्ह करा. लेखकाने मुद्दामच तसं लिहिलेलं असू शकतं. गावाकडची बोली असेल, जुना शब्द असेल. "आपल्याला माहीत नाही, म्हणून ते चुकीचं होत नाही."

कंपायलरलाही सगळं कळू शकत नाही, आणि हे त्याच्या हुशारीच्या कमतरतेमुळे नव्हे. प्रोग्रॅमच्या वागण्याविषयीचा कोणताही खराखुरा प्रश्न सर्व प्रोग्रॅमांसाठी यंत्राने सोडवता येत नाही, हे हेन्री राइस यांनी १९५३ मध्येच, फोरट्रानच्याही आधी, सिद्ध केलं आहे. म्हणून चांगला कंपायलर अज्ञानात वागायचं कसं हे शिकलेला असतो. त्याने काय काय बदललं याचं कौतुक होतं. मला मात्र त्याने काय बदललं नाही ते वाचायला जास्त आवडतं.

हे नातं बिघडतं तेव्हा काय होतं याचं एक उदाहरण २००९ मधलं आहे. लिनक्स या कार्यप्रणालीच्या कर्नेलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, आभासी नेटवर्क उपकरणाच्या ड्रायव्हरमध्ये, एका पॉइंटरमधून, म्हणजे स्मृतीतल्या जागेच्या पत्त्यावरून, आधी मूल्य वाचलं होतं आणि पुढच्या ओळींत तो पॉइंटर रिकामा तर नाही ना हे तपासलं होतं. क्रम चुकला होता. सी भाषेच्या नियमांनुसार रिकाम्या पॉइंटरमधून वाचणं निषिद्ध आहे, ते घडलं तर पुढे काय होईल याची कोणतीही हमी नाही. जीसीसीने विचार केला: इथे वाचलं आहे, त्याअर्थी तो रिकामा नाही, त्याअर्थी खालची तपासणी निरर्थक. त्याने ती काढून टाकली. ती तपासणी गेल्यामुळे हल्लेखोराला कर्नेलमध्ये शिरायची वाट मिळाली. त्यानंतर अशा तपासण्या काढू नयेत असा पर्याय देऊनच कर्नेल कंपाइल केला जाऊ लागला.

तर्कात खोट नव्हती. तरी माझं मन कंपायलरच्या बाजूला जात नाही. तपासणी लिहिली होती याचाच अर्थ लेखकाच्या मनात शंका होती. भाषेच्या नियमांनी लेखकाच्या वतीने एक वचन देऊन टाकलं होतं, आणि ते वचन आपण दिलं आहे हे लेखकाला ठाऊक नव्हतं. बाबा असते तर त्यांनी समासात लिहिलं असतं, 'आधी वापरलं, मग तपासलं. क्रम?' आता कंपायलर आणि इतर साधनं अशा कितीतरी जागी इशारे देतात. ते यायला इतकी वर्षं लागायला नको होती.

समासात लिहिण्याची सोय मात्र आता खूपच चांगली झाली आहे. क्लँगला विचारता येतं की तू कोणतं रूपांतर करायचं सोडून दिलंस आणि का. तो ओळ क्रमांकासह सांगतो. गेल्या वर्षी आमच्याकडे ध्वनीवर काम करणारा एक प्रोग्रॅम आला. त्यातला मुख्य लूप एका वेळी एकच नमुना उचलत होता, प्रोसेसर एकदम आठ उचलू शकत असताना. मी कारण विचारलं. उत्तर आलं: ॲरेच्या सीमा ओळखता येत नाहीत. नमुने गोल फिरणाऱ्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीत, ठेवलेले होते, एका जागेतून वाचायचं आणि दुसऱ्या जागेत लिहायचं. या दोन जागा एकमेकांवर येणारच नाहीत याची खात्री कंपायलरला कुठूनही मिळत नव्हती. म्हणून त्याने हात लावला नव्हता.

अशा वेळी प्रोग्रॅमरला एक शब्द लिहून देता येतो. १९९९ च्या सी मानकात आलेला 'रिस्ट्रिक्ट'. या जागेत या पॉइंटरखेरीज दुसरं कुणी येणार नाही, हे माझं वचन, असा त्याचा अर्थ. टीममधल्या एका तरुणाने तो घालून पाहिला होता, आणि वेग पाहून तो आनंदाने माझ्या टेबलापाशी आला. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मला फार ओळखीचा होता.

"ज्यांनी हे लिहिलंय, त्यांना विचारलंस का?" मी म्हटलं.

"विचारायचं काय त्यात, मॅम? वेगळे बफर आहेत ते."

"तरी विचार."

तीन दिवसांनी तो परत आला. पलीकडच्या टीमने त्यांच्या सगळ्या सेटिंग धुंडाळून पाहिल्या होत्या. प्रतिध्वनीच्या एका सेटिंगमध्ये उशीर अगदीच कमी ठेवता येतो, पाच नमुन्यांइतका. तेव्हा आत्ताच लिहिलेला नमुना पाच फेऱ्यांनी पुन्हा वाचला जातो. आठ एकदम उचलले असते तर त्यातले तीन जुने निघाले असते.

त्याने तो शब्द काढून टाकला. लूप अजूनही एका वेळी एकच नमुना उचलतो.